न दिलेले घेणे

प्रवासाला निघालेल्या गृहस्थाने मुक्कामाचे गाव गाठण्यापूर्वीच तेथील एखाद्या छायाचित्रकाराशी बोलणी करावी, दोन-तीन तासांचा मेहनताना आगाऊ ठरवावा, आणि ठरल्या सकाळी त्या छायाचित्रकाराने पुढे होऊन कोणत्या गल्लीत ऊन कसे उतरते, कोणता कारागीर कोणत्या वेळी काम मांडून बसतो, कोठे उभे राहिले असता आपण कोणाच्या नजरेत भरत नाही, हे सर्व दाखवीत पाहुण्याला गावातून हिंडवावे, हा व्यवहार मुंबईसारख्या शहरात आता इतका रुळला आहे की त्यात धर्माधर्माचा काही प्रश्न असेल अशी शंकाही कोणास येत नाही. क्रॉफर्ड मार्केट, महालक्ष्मीचा धोबीघाट, दादरचा फुलबाजार ही अशा फेऱ्यांची जणू ठरलेलीच ठिकाणे होत. कधी पाहुणा स्वतः कॅमेरा चालवितो आणि सोबतचा मनुष्य वाटाड्या व गुरू अशा दोन्ही नात्यांनी चालतो. कधी पाहुणाच चित्राचा नायक होतो, आणि ज्या बाजारात तो घटकाभराचा उपरा असतो त्या बाजाराला त्याच्या मागचा पडदा व्हावे लागते. प्रकार कोणताही असो, करार दोघांत होतो आणि चित्रात येतो तो तिसरा. कचेरीच्या भाषेत ज्याला त्रयस्थ इसम म्हणतात तो.

कायद्याच्या दफ्तरात या त्रयस्थाची नोंद पाहू गेले तर ती फार त्रोटक आढळते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम सांगते की एखाद्याच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन छायाचित्र काढलेले असेल तर, उलट करार नसल्यास, त्याची पहिली मालकी मोबदला देणाराकडे जाते. एरवी ती काढणाराकडे राहते. देणारा आणि काढणारा यांच्या हक्कांची अशी रीतसर वाटणी करणारे हे कलम, ज्याचा चेहरा त्या कागदावर उमटला त्याच्याविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि मनुष्य चारचौघांत वावरतो एवढ्यानेच तो हक्क गमावतो असे नाही, हेही त्या निकालपत्रात आले. तथापि बाजारात मिरच्यांचा ढीग मांडून बसलेल्या बाईने तो निकाल हाती घेऊन कोणत्या कचेरीची पायरी चढावी, हे कोण सांगणार? यात कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. कशाची मुभा आहे आणि कशाची नाही, एवढे सांगून त्याचे काम संपते. ज्याची मुभा आहे ते आपल्याला कोणी दिले आहे काय, हे विचारणे धर्माकडे येते.

हा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने विचारला तो श्रमणांनी. परभणी जिल्ह्यात, जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात, दिगंबर जैनांची गुंफामंदिरे आहेत. तेथे दर्शनास जाणारा श्रावक ज्या पाच व्रतांनी बांधलेला असतो त्यांत अचौर्याचे स्थान तिसरे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या करताना मालकाचे नुकसान, रात्रीची वेळ, कुलूप, बळजोरी, यांपैकी कशाचाही आधार घेतलेला नाही. जे दिलेले नाही ते घेणे, इतकीच ती व्याख्या आहे. बौद्धांच्या पंचशीलातले दुसरे शील हेच सांगते, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील विहारांतून ते मुलाबाळांच्या तोंडी झाले आहे. या व्याख्येचे सामर्थ्य असे की ती सिद्ध करण्याचा बोजा फिरवून टाकते. ज्याचे घेतले त्याने आपली हानी दाखवावी, हा दिवाणी न्याय झाला. येथे ज्याने घेतले त्याला आधी दाता दाखवावा लागतो.

यावर छायाचित्रकाराचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. चेहरा ही काही पेटीत ठेवलेली चीजवस्तू नव्हे. तो टिपल्याने बाईचा चेहरा जागचा हलत नाही, तिच्या मिरच्या कमी होत नाहीत, तिला घडल्याचे कळतही नाही. फोटो काढला की आयुष्य घटते असे आपल्याकडचे म्हातारे म्हणत, आणि नातवंडे त्यांना हसत. आज तीच नातवंडे दिवसाकाठी स्वतःच्या वीस छब्या काढून घेतात आणि कोणाचे आयुष्य त्यापायी घटल्याचे ऐकिवात नाही. हे सर्व मान्य केले तरी त्या म्हाताऱ्यांची धास्ती मला सर्वस्वी खुळी वाटत नाही. आपले काही तरी आपल्या हातून सुटून परक्याच्या हाती गेले, आणि तेथे त्याचे काय होईल यावर आपला ताबा उरला नाही, एवढे त्यांना बरोबर उमगले होते. त्या सुटलेल्या वस्तूला नाव न सापडल्यामुळे त्यांनी तिला आयुष्य म्हटले.

आपल्या धर्मव्यवहारात पाहण्याला केवढे महत्त्व आहे हे वेगळे सांगावयास नको. परंतु देवळात जाणारा मनुष्य केवळ पाहण्यासाठी जात नाही, देवाच्या दृष्टीस पडण्यासाठी जातो. मूर्ती घडविताना डोळे अखेरीस उघडण्याची चाल आहे, आणि ते उघडेपर्यंत त्या पाषाणापुढे कोणी गाऱ्हाणे घालीत नाही. गाभाऱ्यापुढच्या गर्दीत टाचा उंचावून उभी असलेली बाई देवाचे मुख आपल्याला दिसावे म्हणून जितकी धडपडते, तितकीच आपले मुख त्याला दिसावे म्हणूनही. रस्त्यावरच्या छायाचित्रणाची सारी कसबे याच्या नेमकी उलट दिशेने जातात. पाहावे, आणि पाहताना सापडू नये; कॅमेरा कमरेशी धरावा, नजर दुसरीकडे ठेवावी; पाहुण्याने वाटाड्याला पैसे मोजले ते बहुतांशी हे अदृश्य होण्याचे शास्त्र शिकण्यासाठीच.

या अदृश्यतेला तत्त्वज्ञानाचा आधार देऊ पाहणारेही आहेत. ते म्हणतात, आम्ही साक्षी आहोत. सांख्यांचा पुरुष असाच केवळ पाहणारा आहे. तो काही करीत नाही, प्रकृतीचा खेळ अलिप्तपणे न्याहाळतो. हेन्री कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराच्या शिष्यसंप्रदायात ही भाषा फार चालते, आणि तो स्वतः 1950 च्या एप्रिलात रमणमहर्षींच्या अखेरच्या दिवसांत तिरुवण्णामलैला जाऊन राहिलेला असल्यामुळे तिला एक पावित्र्यही चढलेले आहे. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका ज्याने वाचल्या आहेत त्याला ही कैफियत पुरी वाटणार नाही. तेथे प्रकृती रंगमंचावरील नर्तकीप्रमाणे स्वतःला दाखविते आणि दाखवून झाले की आपण होऊन निघून जाते. आपण पाहिले गेलो हे जाणण्याइतकी लज्जा तिच्या ठायी आहे, आणि पुरुष तिचा पदर धरून तिला थांबवीत नाही. कॅमेऱ्याचा तर व्यवसायच थांबविण्याचा. शिवाय ज्या साक्षीला आपल्या साक्षीपणाची प्रत भिंतीवर लावावयाची असते, तिच्याखाली आपले नाव घालावयाचे असते, तो साक्षी भोक्त्याच्या पंक्तीला जाऊन बसलाच म्हणावयाचा.

संमती कोणाची घ्यावयाची आणि कोणाची नाही, हे पाहणारे पूर्वीपासून माणूस पाहून ठरवीत आले आहेत. परभणी जिल्ह्यातल्या पालमचा मुलूख 1948 पर्यंत ज्या निजामाच्या अमलाखाली होता त्या हैदराबादेत लाला दीनदयाळ हे दरबारी छायाचित्रकार होते; सहाव्या निजामाने त्यांना मुसव्विर जंग असा किताब दिला होता. 1892 च्या सुमारास त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनानी चित्रशाळा काढली आणि तेथला कारभार एका इंग्रज बाईच्या हाती दिला, म्हणजे घेणारीही स्त्रीच असावी आणि परपुरुषाची दृष्टी कोठेही पडू नये. दीनदयाळांच्या या अदबीचे मला कौतुक वाटते. परंतु त्याच्या आधी, 1868 ते 1875 या काळात, इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड छापले, आणि त्यांत या देशातली माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून चिकटविली. तेथे कित्येकांच्या चेहऱ्याखाली जात आहे, धंदा आहे, स्वभावाविषयी साहेबाचा शेरा आहे, आणि नाव नाही. ज्यांच्यापाशी भिंती होत्या त्यांची संमती मागितली गेली. ज्यांचा संसारच उघड्यावर होता त्यांचे मौन हीच संमती धरली गेली. धारावीत लोकांना घेऊन जाणाऱ्या रिॲलिटी टूर्स या संस्थेने आपल्या फेऱ्यांत पाहुण्यांना कॅमेरा वापरण्याची मनाई केली आहे ती मला या जुन्या हिशेबाची थोडीबहुत वळती वाटते.

आता पालमसारख्या तालुक्याच्या गावी हा व्यवहार गेला म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. येथे रस्ता हा मुंबईच्या अर्थाने रस्ताच नव्हे. गोदावरीच्या पात्रातले जांभूळबेट पाहावयास आलेल्या पुण्याच्या एका तरुण अभियंत्याने बाजारच्या दिवशी सोबत हिंडण्यासाठी गावातल्या एका स्टुडिओवाल्याला फोनवरून ठरविले होते. लग्ने, बारशी, तहसिलीत लागणारे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पुण्यस्मरणाचे फलक यांवर ज्याचा प्रपंच चालतो, त्या मनुष्याला कोणाच्या नजरेत न भरता कोठे उभे राहावे असे विचारणे हाच एक विनोद होता; बाजारातल्या निम्म्या माणसांची लग्ने त्यानेच टिपलेली. मिरच्यांच्या ढिगामागे तरटावर बसलेल्या एका म्हातारीचे चित्र पाहुण्याने तिच्या नकळत घेतले खरे, पण तिच्या ते लगेच ध्यानात आले. "कामून काढायलास रं फोटू? अन् तू कोनाचा?" पाहुण्याने पुण्याचा म्हणून सांगितले. "गाव न्हाई इचारलं बाबा. कोनाचा ते इचारलं." मग त्याला आजोबांचे नाव सांगावे लागले, आजोळचे गाव सांगावे लागले, आणि त्या गावात दिलेल्या आपल्या भाचीची खुशाली तिने त्याच्याकडे विचारून घेतली, जी त्याला अर्थातच ठाऊक नव्हती. त्यानंतर तिने चित्र पाहावयास मागितले. त्यात ती ओणवून तागडीचा काटा पाहात होती, पदर खांद्यावर घसरला होता, तोंडावर उन्हाची तिरीप होती. चित्र म्हणून ते खरोखर उत्तम होते. तिने ते दूर धरून निरखले आणि म्हणाली, "डोस्क्यावर पदर न्हाई ह्यात. दुसरा काढ." तागडी बाजूला ठेवून, पदर कपाळापर्यंत ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन ती कॅमेऱ्याकडे अशी रोखून पाहू लागली की पाहुण्याला घाईघाईने कळ दाबावी लागली.

दुसरे चित्र पाहुण्याला आवडले नाही, आणि त्याने तसे बोलूनही दाखविले. त्याच्या मते पहिले खरे आणि दुसरे बनावट. पहिल्यात ती बाई होती, दुसऱ्यात बाईचे सोंग होते. कलावंताचे हे मत आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याविरुद्ध बोलणे गावंढळपणाचे ठरेल, तरीही मी तेवढे धारिष्ट करणार आहे. मनुष्य बेसावध असतो तेव्हाच तो खरा असतो, हे गृहीत पोलिसी तपासाचे आहे. ते धर्मविचाराचे नाही, आणि कलेचे असावयास पाहिजे असेही नाही. साठ वर्षे ज्या पदराखाली त्या बाईने संसार केला तो पदर तिच्यापुरता उपरा नव्हता. घसरलेला पदर हा अपघात होता आणि ओढलेला पदर हा तिचा निश्चय होता. निश्चयापेक्षा अपघाताला अधिक सत्य का मानावे, याचे समाधानकारक कारण मला अद्याप कोणी सांगितलेले नाही. दिलेले चित्र कलेच्या दृष्टीने उणे निघाले हे मात्र खरे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. अचौर्याचे व्रत पाळणाराला पुष्कळ चांगल्या गोष्टींवाचून राहावे लागते, त्यांत चांगली चित्रेही आली.

पालमच्या शेजारीच गंगाखेड आहे, जनाबाईचे गाव. तिच्याविषयी ज्या कथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या त्यांत विठ्ठलही एका कष्टकरी बाईचे काम पाहावयासच येतो. पण तो उंबऱ्यात उभा राहून पाहात बसत नाही, जात्याचा खुंटा धरतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणी घालतो. सांख्यांचा पुरुष आणि जनाबाईचा विठ्ठल, असे पाहणाऱ्याचे दोन आदर्श आपल्यापुढे आहेत. पहिला शास्त्राने दिला आणि दुसरा दळण दळणाऱ्या बायांनी. दुसऱ्या आदर्शात पाहणे शेवटपर्यंत निव्वळ पाहणे राहात नाही, पाहणाराचे हात पिठाने भरतात. पैसे देऊन हिंडावयास आलेल्या पाहुण्याने तागडी हाती घेऊन मिरच्या तोलाव्या असे माझे म्हणणे नाही. बाईचा धंदा बुडेल. पण त्याने विचारता येईल इतक्या अंतरावर उभे राहावे, आणि कोनाचा तू असे कोणी विचारले तर सांगण्याइतकी सवड ठेवावी, एवढी अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

अडचण नेमकी सवडीचीच आहे. तासाच्या बोलीवर ठरलेल्या फेरीत उत्तराला जागा नसते. भाचीच्या खुशालीत गेलेला अर्धा तास पाहुण्याच्या खिशातून जातो, म्हणून तो विचारले जाण्याचे टाळतो, आणि टाळावयाचे तर लपावे लागते. पाहुण्याने निघताना त्या बाईला पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा स्टुडिओवाल्याने त्याचा हात धरला. पैसे दिलेत तर पुढच्या बाजारी ती मिरच्या सोडून फोटोसाठीच बसेल, त्यापेक्षा मिरच्या घ्या, आणि घासाघीस करू नका, असे त्याचे म्हणणे पडले. दुसऱ्या चित्राची प्रत तिला पोचविण्याचे त्याने आपणाकडे घेतले, आणि पहिल्याचे काय करावयाचे ते पाहुण्यावर सोपविले. मग हिशेबाचा विषय निघाला. पाहुण्याने तीन तासांचे पैसे काढले, तर स्टुडिओवाला दिवसाचा दर सांगू लागला. बाजारात तासावर परवडत नाही साहेब, तो म्हणाला, निम्मा वेळ चहातच जातो. पाहुण्याला ही बिल वाढविण्याची युक्ती वाटली आणि दोघांत बराच वेळ बोलाचाली झाली. मला विचाराल तर दर रास्त होता.