कबुलीनंतरची पाच मिनिटे

मुलाने खरे बोलावे असे वाटणाऱ्या घराने आधी एवढेच तपासावे, की आपल्याकडे खरे बोललेल्या मुलाचे पुढे काय होते. मंगरुळपीर तालुक्यातले आसेगाव असो की वाशिम शहर, संस्कारांचा विषय निघाला की हरिपाठ, वंदना, नमाज, फळ्यावरचा सुविचार हे सगळे आठवते. ‘हो, मीच पैसे घेतले’ असे पोराने सांगितल्यानंतरच्या पाच मिनिटांविषयी मात्र कोणी बोलत नाही. माझ्या मते प्रामाणिकपणा रुजतो किंवा करपतो तो तिथेच.

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पंचशील म्हटले जाते. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. याच विषयावर बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकाय या पाली ग्रंथात आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे त्यावरची जुनी टीका, अट्ठकथा, सांगते. बुद्ध त्याला भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवतो, ते ओतून देतो, मग भांडे पालथे घालतो: जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य, म्हणजे भिक्षूपण, असेच पोकळ. थट्टेतही खोटे नको, हेही तो बजावतो. बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात, आणि तिचा गाभाच निसटतो. कारण पुढे बुद्ध सांगतो, की कोणतेही कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर आरशात पाहावे तसे ते पाहा. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा झाली असेल, तर ते गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ उघड कर आणि पुढे जप. शिक्षेचा त्यात शब्दही नाही. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्षू-भिक्षुणींनीच नव्हे, तर उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावीत अशी मोजकी प्रवचने नावानिशी सांगितली; त्यात खोटेपणाविषयीचा हा राहुलोपदेश आहे. म्हणजे तो संसारी माणसांसाठीही होता.

नुसत्या पाठांतराने भागत नाही, याला आधुनिक पुरावाही आहे. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी 1928 मध्ये सुमारे 11 हजार मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले. रविवारच्या धर्मवर्गातली हजेरी आणि प्रामाणिक वागणे यांचा संबंध त्यांना फारच तुटपुंजा आढळला. मारानेही भागत नाही: पश्चिम आफ्रिकेतल्या, एक छडीची आणि एक बिनछडीची, अशा दोन शाळांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. छडीच्या शाळेतली लहान मुले अधिक खोटे बोलत होती आणि ते अधिक सफाईने निभावत होती. मार खोटे थांबवत नाही, ते पक्के करतो. आणि सुविचारांचे म्हणाल, तर आपल्याकडे शिक्षक पात्रता परीक्षेच्या 2019-20 च्या गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये कारवाई झाली. फळ्यावर सुविचार लिहायला निघालेली ही मंडळी!

यावर कोणी म्हणेल, धाक नसला तर पोरगं शेफारेल. पण शिक्षा नको म्हणजे परिणाम नको, असे नाही. शेजाऱ्याची काच फोडली तर त्याच्या दारी जाऊन सांगणे आणि ती भरून देण्यासाठी राबणे मुलालाच करू द्यावे. मारापेक्षा हे जड आहे, आणि त्यात लपवायला काही उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. सोयाबीन विकायला नेले की ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडला जातो, मापात मारले जाते. अशा जगात सरळ पोर नागवले जाईल, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. मात्र काटा तपासणे, पावती मागणे, नाडणाऱ्याला जाब विचारणे ही हुशारी आहे, लबाडी नव्हे, आणि ती मुलाला शिकवलीच पाहिजे. घात होतो तो दुसरीकडे: कृषी केंद्राच्या उधारीचा फोन आला की आपण पोरालाच सांगतो, ‘बाबा वावरात गेले म्हण.’ अडचण समजण्यासारखी आहे. पण ‘सोयाबीन निघाल्यावर देतो’ हे वाक्य बापाने पोरासमोर स्वतः बोलावे. आणि पोरगं आपली चूक सांगायला येईल, त्या दिवशी हात आवरावा.