हुकूम कोणाचा?

बजाजनगरात आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. सैन्यातून आल्यापासून वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर ड्युटी करतात. एकदा त्यांना सहज विचारलं, "काका, मोठ्या साहेबांनीच सांगितलं की माझी गाडी तपासू नका, तर?" ते म्हणाले, "सगळ्या गाड्या तपासा, हा कागदही साहेबांच्याच सहीचा आहे. कागदावरच्या साहेबांचं ऐकायचं की गाडीतल्या?"

सैनिक म्हणजे हुकमाचा ताबेदार, असं आपण धरून चालतो. सरकारी वकील मात्र कोणाचाही ताबेदार नसावा, अशी अपेक्षा असते. मग सैनिकच सरकारी वकील झाला तर?

अमेरिकेतले रॉबर्ट म्युलर व्हिएतनाममध्ये मरीन दलाचे अधिकारी म्हणून लढले, जखमी झाले. नंतर कायदा शिकून केंद्र सरकारचे वकील झाले. न्यायखात्याच्या फौजदारी विभागाचं प्रमुखपद भूषवल्यावर, १९९५मध्ये भरपूर कमाईची खासगी वकिली सोडून ते वॉशिंग्टनमध्ये खुनाचे खटले चालवायला गेले.

२००४मध्ये ते एफबीआयचे संचालक होते. न्यायखातं कायदेशीर म्हणायला तयार नसलेली टेहळणी व्हाइट हाऊसला पुढे चालवायची होती. म्युलर यांनी राजीनाम्याची तयारी केली आणि अध्यक्ष बुश यांना पाऊल मागे घ्यावं लागलं. २०१९मध्ये प्रश्न होता, ट्रम्प यांनी तपासात अडथळा आणला का? पदावरच्या अध्यक्षावर आरोपपत्र ठेवायचं नाही, असं खात्याचं जुनं धोरण होतं. म्युलर यांनी आरोप ठेवला नाही, निर्दोषही म्हटलं नाही. खटलाच होणार नसेल तर बचावाची संधी नाही, मग नुसता ठपका ठेवणं अन्यायाचं, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पहिल्या वेळी धैर्य आणि दुसऱ्या वेळी कच खाणं, असं अनेकांना वाटलं. मला दोन्हीकडे एकच माणूस दिसतो. व्यक्तीपुढे न झुकणारा, नियमापुढे झुकणारा. पण नियमही माणसांनीच केलेला असतो. त्याच्या आड उभं राहिलं की निर्णयाचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर जातं, हेही खरं.

आपल्याकडे खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलानं स्वतः विचार करून अर्ज करायचा आणि न्यायालयानं संमती द्यायची, अशी रीत आहे. पूर्वी हे कलम ३२१ होतं, नव्या संहितेत ३६० आहे. वरून आलेला कागद नुसता पुढे सरकवणं हे वकिलाचं काम नव्हे. म्हणजे कायद्यालाही त्याच्याकडून आज्ञापालनापेक्षा जास्त काही हवं आहे.

काकांना शेवटी विचारलं, "आणि कागदच चुकीचा असेल तर?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रजिस्टरमध्ये सगळं लिहून ठेवायचं. पुढचं वाचणाऱ्यानं बघावं."

म्युलर यांनीही चारशेहून अधिक पानं लिहून ठेवली. वाचणाऱ्यांनी काय केलं, हा प्रश्न मग म्युलर यांचा उरत नाही. तो आपला होतो.