खुर्ची अडवून बसू नका

फोन खिशात घाला आणि ऐका. आपल्या गटाच्या बैठकीसाठी दर बुधवारी सकाळी सव्वासातची वेळ तुम्हीच ठरवली होतीत. आता पावणेआठला येता आणि आधी उपम्याकडे वळता. फर्निचरवाला आपल्या वाट्याच्या एका मिनिटात कामाची माहिती सांगत असतो आणि तुमची मान बशीत. तो तालुक्याहून अंधारात स्कूटर काढून येतो, तेवढ्या एका मिनिटासाठी!

उशिराला दंड तरी लावता येतो. एकमेकांना काम मिळवून देण्यासाठी तुम्ही देता त्या या चिठ्ठ्यांचं काय करू? 'बिल्डर' असं लिहून खाली मोबाइल नंबर. रंगकामवाल्याने फोन केला तर बिल्डर विचारतो, तुम्ही कोण? याला तुम्ही रेफरल म्हणता? समोरच्याला काम करून घ्यायचं आहे का, हे आधी विचारायचं असतं. आपल्या माणसाचं काम कसं आहे ते सांगायचं, तो फोन करील म्हणून कळवायचं, मगच चिठ्ठी लिहायची. महिन्याचा आकडा भरायला कागद खरडलात आणि एका कष्टाळू माणसाची नाचक्की केलीत.

एका धंद्याचा एकच सभासद, हा नियम इव्हान माइझनर यांनी 1985 मध्ये कॅलिफोर्नियात बीएनआय ही एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांची संघटना सुरू केली तेव्हापासूनचा. आपल्या गटानेही तोच घेतला. त्याचा अर्थ कधी लक्षात घेतलात? तुम्ही आत आहात म्हणून गावातल्या दुसऱ्या सीएला, दुसऱ्या विमावाल्याला दार बंद आहे. त्यांच्यातला एखादा तुमच्यापेक्षा तळमळीने काम करणारा असेल. तुम्हाला जमत नसेल तर राजीनामा द्या, खुर्ची अडवून बसू नका.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. आपल्याच छापखानेवाल्याकडून दिवाळीत कॅटलॉग छापून घेतलेत आणि होळी आली तरी बिल दिलं नाहीत. तुमच्यातल्या काहींना हिशेब मी शिकवले आहेत, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. त्याची लहान उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. करार केलात तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय 2023-24 पासून मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तो व्याज मागत नाही, तक्रार करत नाही. दर बुधवारी तुमच्या शेजारी बसायचं आहे म्हणून गप्प राहतो. त्या गप्प बसण्यावर तुम्ही धंदा चालवता आहात. कागदवाल्याला त्याने कुठून द्यायचे? कामगारांचा पगार कशातून करायचा?

मला हा गट मोडलेला पाहायचा नाही. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसाला गावात ओळख मिळवायची तर असं दुसरं ठिकाण नाही, म्हणूनच इतकं बोलतो आहे.

छापखान्याचं बिल आज संध्याकाळी सहाच्या आत चुकतं करा. ज्यांनी कोरे नंबर दिलेत त्यांनी आजच त्या त्या माणसाला स्वतः फोन लावा. पुढच्या बुधवारी सव्वासातला मी हॉलचं दार लावून घेणार आहे.