खोरं नावाची वस्तू

मी न्यायदर्शन शिकवते. पाणलोटाच्या अभ्यासगटात मला ओढलं ते ‘मानव्यविद्येचं कुणीतरी हवं’ म्हणून. तिथं प्रत्येकाचं मोजायचं एकक वेगळं: भूजलवाल्यांचा हिशेब पाणलोटाचा, अर्थशास्त्राचा कुटुंबाचा, पावसाचा आकडा महसूल मंडळाचा, उसाचा तालुक्याचा. आणि पारनेर तालुक्याचं उत्तरेकडचं पाणी मुळेतून गोदावरीला जातं, दक्षिणेकडचं कुकडी-घोडमधून भीमेला. तालुक्याचा आकडा मग कुठल्या खोऱ्यात धरायचा?

खरी खडाजंगी ठिबकवर झाली. पाटपाण्यातून मुरणारं पाणी वरच्या शेतकऱ्याच्या हिशेबात वाया जातं. खालच्याच्या विहिरीला तोच झरा. ठिबकनं ते वाचवून वरच्यानं कांद्याचं रान वाढवलं, तर शेतात बचत दिसते आणि खोऱ्यात काहीच शिल्लक पडत नाही. दोघांचे आकडे खरे, पण त्यांची बेरीज करता येत नाही.

मग खोरं ही एक वस्तू आहे, की नुसती शेतांची बेरीज? अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे भागांहून वेगळी सबंध वस्तू, असते का, हा आमच्या न्यायदर्शनातला जुना वाद. बौद्ध म्हणतात, रथ हे सुट्या भागांना दिलेलं नुसतं नाव. न्यायसूत्रांचं उत्तर असं, की एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते. म्हणजे ती एक आहे. खोऱ्यातही तसंच: वर नाल्यावर बांध घाला, खाली ओढ जाणवते. अभ्यासगटाला हे फार आवडलं. मला मात्र न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याची शंका आठवत होती. लाखेनं चिकटवलेलं गवत आणि दगडही एकत्र ओढले जातात, म्हणून ते एक द्रव्य होत नाहीत. कच्च्या घड्याची माती एकत्र राहते ती पाण्यामुळे, असं तो सांगतो. (पाणीच! वर्गात हे वाक्य मी किती वर्षं घाईनं उरकत आले.)

ओढ जाणवते, एवढ्यावरून संबंध सिद्ध होतो. ‘खोऱ्याचं हित’ नावाची वस्तू सिद्ध होत नाही. त्या हिताच्या नावानं वरच्या गावाला बांध घालू नको म्हणायचं, तर ते हित कुणाचं ते सांगावं लागेल. हिवरे बाजार या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून पिकं ठरतात. जिथं पाणी मोजलं, तिथंच निर्णय होतो आणि तिथल्यांनाच तो सोसावा लागतो. भीमेच्या खोऱ्याची ग्रामसभा कुठे भरते?

अहवालात मी एकच रकाना वाढवायला सांगितला: वाचलेलं पाणी एरवी कुणाच्या विहिरीत गेलं असतं. तो भरायचा कसा, यावर सध्या भांडण चालू आहे.