पिशवीवरचं अक्षर

पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब. एकात निळा द्रव, दुसऱ्यात पिवळा. काडीने ढवळून टाइल जरा डोलवली की मिनिट-दोन मिनिटांत रक्त एकजीव राहतं किंवा रव्यासारखं कणीदार होतं. गट कळला. रक्ताबद्दल इतक्या झटपट कळणारं दुसरं फारसं काही नाही, म्हणूनच बहुधा त्या अक्षराकडून आपण नको तितकी आशा धरतो.

करोनाच्या पहिल्या वर्षी ए गटाची माणसं धास्तावली होती, ओ गटाची निर्धास्त. आजारी दोन्हीकडची पडली.

गट आणि रोग यांचं नातं खोटं नाही. ए आणि बी ही तांबड्या पेशीवरच्या साखरेची ओळख. मलेरियाचा जंतू शिरलेली पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींना चिकटवून घेते. ओ गटात हे चिकटणं कमी, म्हणून फाल्सिपेरम मलेरिया जिवावर बेतण्याचा धोकाही कमी. तोच ओ गट पटकीत मात्र जास्त सोसतो. सगळ्या रोगांपुढे बळकट असं रक्त कुणाचंच नाही.

कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही कोणत्या गटाच्या रक्तदात्यांत जास्त, हे अनेक देशांत तपासून झालं. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. हे विषाणू सुईतून येतात, संगातून येतात, आईकडून बाळाला येतात. अक्षर विचारून येत नाहीत.

आणि अक्षर स्वतःबद्दलही सगळं सांगत नाही. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून एक गट जगापुढे मांडला. टाइलवर तो ओसारखाच दिसतो, पण त्या माणसाला ओचं रक्तही चालत नाही. बॉम्बे ब्लड ग्रुप.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरी लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातातच. नव्या चाचण्यांनी ते कमी केले, संपवले नाहीत. त्या दिवसांत दात्याला काही होत नसतं, अहवाल स्वच्छ येतो, गट तंतोतंत जुळतो. त्या दिवसांवर पहारा एकाच गोष्टीचा: दात्याने भरलेल्या फॉर्मचा.

थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढतं. शेकडो अनोळखी माणसांनी खरं लिहिलं असेल, या भरवशावर ते मोठं होतं.

पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून देशात बंद झालं, ते याचसाठी. नड माणसाला लपवायला लावते. पण भीडही लावते, हे आपण विसरतो. ‘तुमच्या पेशंटसाठी डोनर आणा’ म्हटल्यावर आलेला मेहुणा नातेवाइकांसमोर काय कबूल करणार? रक्त दिल्याबद्दल शिबिरात मिळणाऱ्या मोफत हेल्मेटचाही मला म्हणूनच राग येतो.

एका मंडळाच्या शिबिरात विशीतला एक मुलगा पाहिला. मित्र पाठीशी उभे, आणि हा न वाचता सगळीकडे ‘नाही’वर खुणा करत होता. बोटातला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सरळ तळाला गेला, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं. डॉक्टरबाईंनी मित्रांना बाहेर पाठवलं आणि तेच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारले. चार महिन्यांपूर्वी जत्रेत गोंदवून घेतलं होतं, तो म्हणाला. सुई नवी होती का, ते माहीत नव्हतं.

“वर्ष पूर्ण झालं की नक्की ये,” बाई म्हणाल्या.

बाहेर मित्रांनी घेरलं. काही तरी सांगून सुटणं सोपं होतं. त्याने बाही वर करून दंड दाखवला आणि म्हणाला, “यामुळे आत्ता चालत नाही.”

रांगेतल्या एकाने टेबलावर दिलेला आपला फॉर्म परत मागून घेतला, आणि पेनही.