चूक दिसली, पुढे काय?



गेल्या हनुक्काच्या सुट्टीत माझा नातू चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. वय चौदा. एका संध्याकाळी दिवे लावून झाले, खाणेपिणे झाले आणि आम्ही सगळे एक जुना अमेरिकन चित्रपट पाहायला बसलो. 'द विझर्ड ऑफ ऑझ', सन १९३९ चा. इथे इस्राएलमध्ये त्याला 'हाकोसेम मेएरेत्स उत्स' म्हणतात, म्हणजे उत्स देशाचा जादूगार. एल. फ्रँक बाम यांनी १९०० साली लिहिलेल्या बालकथेवरून तो काढलेला आहे. कॅन्ससच्या माळरानावरची डोरथी नावाची मुलगी वावटळीत घरासकट उडून एका अद्भुत देशात पडते आणि परत घरी जाण्याची वाट शोधते, एवढीच गोष्ट. घर सोडून दूर येऊन पडलेल्या आपल्यासारख्यांना ती सहज समजते.

डोरथी मक्याच्या शेतात पोचली. तिथले बुजगावणे तिच्याशी बोलू लागले. एवढ्यात नातवाने चित्र थांबवले आणि ओरडला, "ताउत! चूक! सबा, तिच्या वेण्या बघा." त्याने चित्र मागे नेले, पुढे आणले. खरेच, त्या एकाच प्रसंगात डोरथीच्या वेण्या मघाशी आखूड होत्या, त्या क्षणात लांब झाल्या, आणि पुढे पुन्हा आखूड. मी हा चित्रपट तीनदा पाहिलेला, पण मला हे कधी दिसले नव्हते. मी त्याची पाठ थोपटली. "काय नजर आहे पोराची!" असे सगळ्यांसमोर म्हणालो. मग काय, त्याला हुरूप आला. चित्रपट संपेपर्यंत त्याने वहीत नऊ चुका लिहून काढल्या. गोष्ट कोणी पाहिली, कोणास ठाऊक!

चित्रपटाच्या धंद्यात या प्रकाराला 'कंटिन्युइटी'ची चूक म्हणतात. आपण तिला सांध्यातली चूक म्हणू. चित्रपट जसा दिसतो त्या क्रमाने काढला जात नाही. आज शेवट काढतील, उद्या मधला भाग, महिन्याने सुरुवात. नंतर ते तुकडे जोडायचे. कोणाच्या हातात पेला किती भरलेला होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, मेणबत्ती किती जळली होती, हे टिपून ठेवायला एक वेगळा माणूसच नेमलेला असतो. तरी निसटते. बुजगावण्याचा एक लांबलचक नाच या चित्रपटासाठी काढला होता, तो नंतर कापून टाकला. असे काही कापले की वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तुकडे शेजारी येऊन बसतात. वेण्या दुसरे काय करणार?

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एका गोष्टीचे नवल वाटले. गवताचे बुजगावणे बोलते, याला नातवाने चूक म्हटले नाही. पत्र्याचा माणूस रडतो, सिंह घाबरतो, माकडे उडतात, यातले काहीच त्याच्या वहीत नव्हते. फक्त वेण्या होत्या. असे का? मला वाटते, गोष्ट सांगणारा आरंभीच आपल्याशी एक करार करतो. 'या देशात बुजगावणी बोलतात, कबूल?' आपण म्हणतो, 'कबूल.' वेण्या आपोआप वाढतील असे मात्र तो म्हणालेला नसतो. म्हणून अशक्य गोष्ट आपल्याला खुपत नाही, पण दिलेल्या शब्दात फरक पडला की खुपतो. आपला विश्वास त्या शब्दावर असतो. तेव्हा चूक पकडणारा पोरगा अगदीच वावगे करीत नव्हता.

पण त्याच्या वहीतल्या नऊही चुका एका जातीच्या नव्हत्या, हे मला पुढे कळले.

त्याची एक नोंद अशी होती की पुस्तकात डोरथीचे जोडे चांदीचे आहेत आणि चित्रपटात माणकासारखे लाल. ही चूक नाहीच. त्या काळी टेक्निकलरचे रंग नवलाचे होते. पिवळ्या रस्त्यावर चांदीपेक्षा लाल जोडे उठून दिसतील म्हणून ते मुद्दाम बदलले. आपले वाडवडील मुंबईत आणि कोकणात योसेफाचे, अब्राहामाचे कीर्तन मराठीतून करीत, तेव्हा त्यांनीही तोराहमधली कथा साकी, दिंडी आणि ओवीच्या चालीवर बसवली. तिथे मूळ पाठापेक्षा काही वेगळे आले, तर श्रोते त्याला खोटे म्हणत नसत. कथा एका घरातून दुसऱ्या घरात नांदायला जाते, तेव्हा तिचे लुगडे बदलते.

तिसऱ्या जातीच्या खुणा मात्र मला अस्वस्थ करून गेल्या. पत्र्याच्या माणसाचे काम आधी बडी एब्सन नावाच्या नटाला मिळाले होते. त्याच्या तोंडाला ॲल्युमिनियमची भुकटी फासत. ती श्वासाबरोबर फुप्फुसात गेली आणि त्याला इस्पितळात न्यावे लागले. त्याच्या जागी जॅक हेली आला. पडद्यावर आपल्याला हेलीच दिसतो. पण जादूगाराच्या भेटीला निघताना सगळे मिळून जे गाणे म्हणतात, त्यात एब्सनचा आवाज तसाच राहिलेला आहे. माणूस चित्रातून गेला, आवाज राहिला. आणखी एक. चेटकीण आपल्या माकडांना पाठवताना म्हणते की मी एक किडा पुढे धाडला आहे. तो किडा पुढे कुठेच येत नाही. कारण त्या किड्याचे गाणे आणि नाच काढून झाल्यावर कापला गेला, पण त्याचा उल्लेख करणारे वाक्य राहून गेले. चित्रपटावर नाव व्हिक्टर फ्लेमिंगचे आहे, तरी रिचर्ड थॉर्प, जॉर्ज क्यूकोर आणि किंग व्हिडोर या आणखी तिघांनी त्यावर काम केले आहे. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूवर वण राहणारच. वरून पाहणाऱ्याला ती चूक वाटते. ज्याला मागची हकीकत ठाऊक आहे त्याला कळते की इथे कोणीतरी आजारी पडले होते, इथून काहीतरी काढून नेले होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा लेख चित्रपटासाठी लिहायला घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण जेवायला आली. नातवंडे तिला मोठी आजी म्हणतात. जेवणानंतर मुलांनी तिला नेहमीप्रमाणे जुन्या गोष्टी सांगायला लावले. ती म्हणाली, "आम्ही इस्राएलला निघालो ना, तेव्हा माझी आई रेवसच्या धक्क्यावर उभी होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि लोणचे बांधून दिले होते. लाँच दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती." नातू लगेच म्हणाला, "ताउत! मोठी आजी, मागच्या पेसाखला तू सांगितलेस की तुम्ही सांताक्रूझहून विमानाने आलात. मग रेवसच्या धक्क्यावरून विमान उडाले की काय?" सगळे हसले. मीही हसलो. बहीणही हसली. "म्हातारपण रे बाळा, सरमिसळ होते," असे म्हणाली आणि भांडी उचलायला आत गेली. त्यानंतर पुढचे दोन महिने तिने एकही गोष्ट सांगितली नाही. मुलांनी विचारले की म्हणायची, "मला नीट आठवत नाही, तुमच्या सबांना विचारा."

सबांना, म्हणजे मला, नीट आठवत होते. रेवसच्या धक्क्यावरचा निरोप खरा होता, पण तो १९५९ सालचा. बहीण लग्न होऊन मुंबईला निघाली होती, आणि मी तेरा वर्षांचा पोरगा आईशेजारी उभा होतो. आई १९६१ च्या भर पावसाळ्यात गेली. बहिणीला तार मिळाली, पण ती गावी पोचली तेव्हा सगळे आटोपले होते. इस्राएलला आम्ही आलो १९६४ मध्ये. तेव्हा निरोप द्यायला आई नव्हतीच. बहिणीच्या मनाने तो जुना निरोप उचलून या दुसऱ्या निघण्याला जोडला आहे. मधले कापले गेले आणि दोन तुकडे शेजारी आले. हे मला कितीतरी वर्षांपासून ठाऊक होते. मी कधी बोललो नव्हतो. पण त्या दिवशी हसलो.

मग चूक दिसली तर बोलूच नये काय? असे मी म्हणणार नाही. आपल्याच मिश्नात, सान्हेद्रीन भागात, बेन झक्काईची गोष्ट आहे. त्याने साक्षीदारांना अंजिराच्या देठांविषयी प्रश्न विचारले. ज्या झाडाखाली खून झाला म्हणता, त्याच्या अंजिरांचे देठ बारीक होते की जाड? इतकी बारीक चौकशी कशासाठी? कारण साक्ष खोटी ठरली नाही तर समोरच्या माणसाचा जीव जाणार होता. तिथे डोळेझाक करणे हेच पाप. दुकानाचा हिशेब, औषधाची मात्रा, पुढाऱ्याने दिलेले वचन, इतिहासाचे पुस्तक, या सर्व ठिकाणी माझ्या नातवासारखी नजर हवी. ती नसलेल्या समाजाला कोणीही फसवते.

पण दुसरीही एक चौकशी शास्त्रात आहे. चित्रपटाच्या इथल्या नावात जो उत्स देश आला आहे, तोच ईयोबाचा देश. ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर ते मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्या आयुष्यात चूक शोधू लागले. भल्या माणसावर दुःख येत नाही, तुझ्यावर आले, म्हणजे तुझ्या वागण्यात कुठेतरी खोट असली पाहिजे. त्यांचा हिशेब जुळायला हवा होता, त्यासाठी माणूस मोडला तरी चालला असता. शेवटी देवाचा कोप झाला तो या बिनचूक बोलणाऱ्यांवर.

बेन झक्काईची नजर आणि ईयोबाच्या मित्रांची नजर सारखीच तीक्ष्ण होती. फरक एवढाच की पहिल्याने चूक शोधली ती कोणाला तरी वाचवण्यासाठी आणि दुसऱ्यांनी शोधली ती स्वतःचे खरे करण्यासाठी. मला वाटते, हाच कस लावावा. चूक दिसली की आधी मनाशी विचारावे, ही दाखवल्याने कोणाचे भले होईल? आणि दुसरे, ही घसरण आहे, मुद्दाम केलेला बदल आहे, की जखमेचा वण आहे? हे विचारण्याइतका धीर नसेल तर नजर असून उपयोग नाही. मी नातवाची नजर वाखाणली, पण धीर त्याला शिकवला नाही. तो दोष माझा, त्याचा नव्हे.

पुढे एकदा तो एकटा भेटला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले, १९५९, १९६१ आणि १९६४. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ती खोटे बोलत नव्हती." मी म्हणालो, "तारीख चुकली, निरोप खरा होता." त्याने विचारले, "मग आपण तिला खरे सांगायचे का?" मी म्हणालो, "तिला ते माहीत आहे."

पुरीमला सगळे पुन्हा जमलो, तेव्हा तो आपणहून तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "मोठी आजी, धक्क्यावर तुझ्या आईने कोणत्या रंगाचे लुगडे नेसले होते?" ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हिरवे." आणि बोलू लागली. भाकऱ्या, लोणचे, लाँचचा भोंगा, सगळे आले. माझ्या आठवणीत ते लुगडे निळे आहे. मी काही बोललो नाही. कोण जाणे, माझेच चुकत असेल.

आता आम्ही दोघांनी एक वही केली आहे. उजव्या पानावर मोठी आजी सांगते तसे तो लिहितो, तिच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता. डाव्या पानावर आम्हाला ठाऊक असलेली साले आणि गावे. दोन्ही पाने जुळत नाहीत तिथे खाडाखोड करायची नाही, असे ठरवले आहे. पुढच्या पिढीला घडले ते कळले पाहिजे, आणि ज्याच्यावर घडले त्याच्या मनात ते कसे राहिले तेही कळले पाहिजे.

आपल्या घरोघरी असे सांगणारे आता थोडे उरले आहेत. त्यांच्या गोष्टींत सांधे चुकतील. मुले हुशार आहेत, त्यांना ते दिसतील. दिसू द्यावेत. फक्त 'ताउत' म्हणण्याआधी एक प्रश्न जास्त विचारायला आपण त्यांना शिकवू या, आणि आपणही शिकू या.