घात, पश्चात्ताप आणि साक्ष

जे. आर. आर. टोल्किन यांनी निर्मिलेल्या ‘मिडल-अर्थ’च्या कल्पित इतिहासात तिसऱ्या युगाच्या दुसऱ्याच वर्षी एक घात होतो. सॉरॉनचा पाडाव झाल्यावर त्याची अंगठी स्वतःजवळ ठेवणारा राजा इसिल्डुर सुमारे दोनशे योद्ध्यांसह उत्तरेकडे, इमलाड्रिसला निघालेला असतो. आन्दुइन नदीच्या खोऱ्यात, ग्लॅडन फील्ड्सजवळ ऑर्कांच्या टोळ्या त्याच्यावर तुटून पडतात. इसिल्डुर, त्याचे तीन थोरले पुत्र आणि जवळजवळ सारे सैन्य मारले जाते. अंगठी नदीच्या तळाशी जाते. पित्याच्या आणि भावाच्या रक्ताची भरपाई म्हणून त्याने ती घेतली होती, आणि ती नष्ट करावी हा एलरॉन्ड व किर्दान यांचा सल्ला धुडकावला होता. त्यामुळे पापाला मिळालेले शासन असा या घाताचा सोपा अर्थ सहज लावता येतो. प्रश्न असा, की तो अर्थ संहितेला मान्य आहे काय?

येथे दोन संहितांतील भेद महत्त्वाचा ठरतो. टोल्किन यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मारिलियन’मध्ये इसिल्डुर बेसावध आहे. सारे शत्रू संपले या समजुतीत तो छावणीभोवती पहाराही ठेवत नाही. 1980 च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मधील उत्तरकालीन निवेदनात मात्र हल्ला वाटचालीतच होतो. ढालींची फळी उभारून पहिला हल्ला परतवला जातो. अंगठीच्या बळावर ऑर्कांना आज्ञा देता येणार नाही काय, असे थोरला पुत्र एलेन्डुर विचारतो, तेव्हा आपल्याला ते शक्य नाही, आपला अहंकार गळून पडला आहे आणि अंगठी तीन एल्फ-अंगठ्यांच्या रक्षकांकडे जायला हवी, अशी कबुली इसिल्डुर देतो. पहिल्या निवेदनात निष्काळजीपणाची किंमत मोजली जाते. दुसऱ्यात पश्चात्ताप झालेल्या माणसाला त्या पश्चात्तापाची कृती करण्याइतका अवधीच मिळत नाही.

कांटच्या 1785 मधील नीतिमीमांसेनुसार सत्संकल्पाचे मूल्य त्याच्या यशापयशावर अवलंबून नसते. या कसोटीवर इसिल्डुर मृत्यूपूर्वीच सावरलेला ठरेल. उलट बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी 1976 मध्ये ‘नैतिक दैवा’चा प्रश्न मांडून दाखवले, की कर्त्याच्या स्वाधीन नसलेल्या घटनांचा हिशेब आपल्या नैतिक निवाड्यात सतत मिसळत असतो. इसिल्डुर सुखरूप पोहोचला असता, तर परंपरेने त्याला उशिरा शहाणा झालेला राजा मानले असते. तो वाटेतच मारला गेला म्हणून तीच अंगठी ‘इसिल्डुरचा काळ’ या नावाने ओळखली गेली. संकल्प तोच असताना निवाडा मात्र बदलतो.

तथापि, दैवाचा आधार घेऊन टोल्किन आपल्या नायकाला सोडवत नाहीत, हे विसरता येत नाही. 991 मधील माल्डनच्या लढाईविषयी 1953 मध्ये लिहिताना त्यांनी बिर्टनॉथ या सरदाराच्या अतिरेकी अभिमानावर नेमके बोट ठेवले होते: नायकाच्या अहंकाराची किंमत त्याच्याशी निष्ठेने बांधलेले अनुयायी मोजतात. इसिल्डुरलाही याची जाणीव आहे. आपल्या अहंकाराने पुत्रावर हा प्रसंग आणला म्हणून तो त्याची क्षमा मागतो. त्याची अनुमती मिळाल्यावरच अंगठी घेऊन निसटतो. ही क्षमायाचना सच्ची आहे. परंतु मागे लढत राहिलेल्यांचे मरण तिने टळत नाही. पश्चात्ताप कर्त्याला बदलू शकतो. त्याच्या कृत्याचे इतरांवरील परिणाम तो मागे घेऊ शकत नाही. क्षमा करण्याचा अधिकारही ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडेच राहतो. त्यांच्यापैकी एकट्या एलेन्डुरला तो वापरण्याची संधी मिळते.

या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील याहून वेगळा आहे. पितापुत्रांचा हा अखेरचा संवाद जगाला कळला तो एलेन्डुरचा सेवक एस्टेल्मो याच्यामुळे. आघाताने बेशुद्ध झालेला हा तरुण धन्याच्या प्रेताखाली जिवंत सापडला. तो न सापडता, तर इसिल्डुरचा पश्चात्ताप घडूनही इतिहासात नसता. म्हणजे दैव केवळ कृतीच्या फळावर नव्हे, तर कर्त्याविषयीच्या ज्ञानावरही सत्ता गाजवते. त्यापुढचा क्षण तर पूर्णपणे साक्षीविना आहे. पोहताना अंगठी निसटल्यावर इसिल्डुरला प्रथम हताशा ग्रासते, मग ओझे उतरल्याचा दिलासा वाटतो, आणि पाण्यातून वर येताच विषारी बाण त्याचा वेध घेतात. तो दिलासा पाहणारा कोणीही नव्हता; निवेदन तेथे अनुमानाच्या बळावर उभे आहे.

परंपरेने या माणसाला दिलेले हे शेवटचे दान आहे. सिद्ध करता येणार नाही अशी मुक्ती त्याच्या नावे लिहिताना तिने त्याच्या अपराधाची नोंद पुसलेली नाही. मृतांविषयीचा न्याय्य निवाडा कदाचित एवढाच असू शकतो: परिणामांचा हिशेब पूर्ण मांडावा, आणि ज्या अंतःकरणाची साक्ष उरली नाही, त्याच्याविषयी शेवटचा शब्द आपला मानू नये.